सासष्टीच्या चर्चमध्ये ओवी नेणारा पाद्री : फादर थॉमस स्टीफन्स

आपल्या सिंधुदुर्गातली मंडळी गोव्याला जातात तेव्हा मंगेशीला आणि कवळ्याच्या शांतादुर्गेला हमखास जातात. हे देव मुळात फोंड्याचे नव्हेत. मंगेश कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, आणि शांतादुर्गा केळशीची. दोन्ही गावं तेव्हा सासष्टीत मोडत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथली देवळं पाडायला घेतली, तेव्हा लोकांनी रातोरात मूर्ती उचलल्या आणि नदीपलीकडे नेऊन ठेवल्या. ज्यांना जाता आलं ते गेले. जे मागे राहिले त्यांच्यातल्या पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला. कुणी मनापासून, कुणी जमीन राखायला, कुणी भीतीपोटी.

या मागे राहिलेल्या लोकांच्या गावात एक इंग्रज पाद्री आयुष्याची जवळपास चाळीस वर्षं राहिला आणि त्याने त्यांच्यासाठी मराठीत पुराण लिहिलं. फादर थॉमस स्टीफन्स. ‘क्रिस्तपुराण’ हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. मराठी भाषेचं कौतुक करणारा त्यातला भाग भाषणांतून नेहमी येतो. पण ते पुराण कुणासाठी लिहिलं, कुठे वाचलं जायचं आणि पुढे त्याचं काय झालं, हे फारसं सांगितलं जात नाही. हा माणूस काही मराठीचा गौरव करायला बोटीत बसला नव्हता. त्याच्यासमोर गावच्या चर्चमध्ये येऊन बसणारी माणसं होती आणि त्यांची एक अडचण होती.

स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमाराचा, इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातल्या बुशटन नावाच्या खेड्यातला. वडील व्यापारी. मुलगा दहा वर्षांचा होता न होता, तोच राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक लोकांची जुनी लॅटिन मिस्सा बंद झाली आणि सगळ्या देशात इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं. जुन्या धर्माला चिकटून राहणाऱ्यांना दंड, तुरुंग, आणि पुढे पुढे तर फाशीही. तरुण स्टीफन्स चिकटून राहणाऱ्यांतले. थॉमस पाउंड नावाचा एक श्रीमंत मित्र होता, त्याच्यासोबत नोकराचा वेष घेऊन ते देशात हिंडत. दोघांनी रोमला जाऊन जेझुइट व्हायचं ठरवलं. निघायच्या तोंडावर पाउंड पकडले गेले आणि पुढची कितीतरी वर्षं तुरुंगात राहिले. स्टीफन्स एकटेच निसटले आणि 1575 च्या ऑक्टोबरात रोममध्ये जेझुइट संघात दाखल झाले.

म्हणजे बघा, स्वतःच्या गावात स्वतःच्या पद्धतीने प्रार्थना करता येत नाही म्हणून घर सोडलेला हा माणूस. आणि पोचला कुठे, तर जिथे त्याच्याच धर्माच्या राज्यकर्त्यांनी दुसऱ्यांची देवळं पाडली होती. ही गोष्ट त्यांच्या मनात कधी आली की नाही, कोण सांगणार. पण त्यांचं आयुष्य वाचताना ती आपल्या मनातून जात नाही.

4 एप्रिल 1579 ला लिस्बनहून पाच जहाजांचा ताफा निघाला, त्यात ते होते. केप ऑफ गुड होपचा वळसा, वारा पडणं, वाट चुकणं, आणि हिरड्या सुजवणारा खलाशांचा तो जुना आजार. वाटेत 27 माणसं दगावली, आणि त्या काळच्या मानाने हा आकडा कमी धरला गेला! 24 ऑक्टोबरला जहाज गोव्याला लागलं. साडेसहा महिने पाण्यावर. पोचल्यावर त्यांनी वडिलांना या प्रवासाचं लांबलचक पत्र धाडलं. पुढे ते इंग्लंडात छापलं गेलं आणि तिथल्या दर्यावर्दी लोकांनी मन लावून वाचलं. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचंच नाव घेतात. ईस्ट इंडिया कंपनी निघाली 1600 साली, हे त्याच्या एकवीस वर्षं आधीचं.

गोव्यात त्यांना पाद्रीपणाची दीक्षा मिळाली आणि नेमणूक झाली सासष्टीत. मग मधली थोडी वर्षं सोडली तर तिथेच. मडगाव, रायतूर आणि भोवतालची गावं. कधी साधे पाद्री, कधी मडगावच्या जेझुइट कॉलेजचे रेक्टर. लोक त्यांना पाद्री इस्तेव म्हणत.

सासष्टीत पाय ठेवल्यावर थोड्याच वर्षांत कुंकळ्ळीचं प्रकरण घडलं. 1583 च्या जुलैत रुदोल्फ आक्वाविवा आणि आणखी चार जेझुइट कुंकळ्ळीत चर्चसाठी जागा बघायला गेले, आणि गावकऱ्यांनी त्यांना ठार केलं. त्यांच्याबरोबर आलेले काही स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले. गावची देवळं आधीच जाळली-पाडली गेली होती, तो राग होता. मग पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांची कत्तल केली. चर्चने मारल्या गेलेल्या पाद्र्यांना हुतात्मे मानलं, कुंकळ्ळीकर आपल्या पुढाऱ्यांना हुतात्मे मानतात. दोन्ही स्मारकं आज त्या गावात आहेत. स्टीफन्स यांना काम करायचं होतं ते या असल्या जखमी मुलुखात.

त्याच वर्षाच्या शेवटी गंमतीचा म्हणावा असा एक प्रसंग घडला. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती, असे चार इंग्रज व्यापारी होर्मुझला पकडले गेले आणि हेर म्हणून गोव्याच्या तुरुंगात आले. गोव्यात इंग्रजी बोलणारा माणूस एकच. स्टीफन्स यांनी धडपड करून त्यांना जामीन मिळवून दिला. चौघांतला एक चित्रकार होता, तो जेझुइटांकडे चर्चमध्ये चित्रं काढायला राहिला. बाकीचे काही महिन्यांनी संधी साधून पळाले. फिच तर अकबराचा दरबार आणि पुढे ब्रह्मदेश बघून इंग्लंडला परत गेले. इंग्रजांचा हिंदुस्थानात रस वाढला त्यात फिचच्या हकिकतीचा मोठा वाटा आहे. पोर्तुगीजांच्या दृष्टीने पाद्री इस्तेव यांची ही दया तशी महागातच पडली म्हणायची.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. सासष्टीतल्या एखाद्या गावचा तेव्हाचा रविवार कसा असेल? सकाळी मिस्सा, ती लॅटिनमध्ये. जगातल्या बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये तेव्हा लॅटिनच होती आणि पुढे विसाव्या शतकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत तीच राहिली. म्हणजे सासष्टीच्या शेतकऱ्याला त्यातलं काही कळायचं नाही, तसंच पोर्तुगालच्या शेतकऱ्यालाही नाही. मग प्रवचन. दुपारी मुलांना गोळा करून दोत्रिन, म्हणजे धर्मशिक्षण. प्रार्थना पाठ करायच्या, आज्ञा पाठ करायच्या, प्रश्नाला उत्तर द्यायचं.

एवढ्यावर गाव चालतं का? दोन पिढ्यांपूर्वी याच गावात देवळापुढे पुराण लागत होतं. केळशीच्याच कृष्णदास शामा यांनी 1526 साली मराठीत कृष्णाचं चरित्र ओवीबद्ध केलं होतं. पोथी लागली की माणसं जेवून-खाऊन येऊन बसायची. बायका जात्यावर ओव्या म्हणायच्या. सण आला की गाणं आलं, कथा आली. नव्या धर्मात हे सगळं एका झटक्यात बंद झालं होतं. जुन्या पोथ्या घरात सापडणं हाही गुन्हा, आणि 1560 पासून गोव्यात इन्क्विझिशनचं न्यायालय बसलेलं. देव बदलला हे एक वेळ सोसलं जातं. पण संध्याकाळी चार माणसांनी मिळून बसून ऐकायचं काय, हा प्रश्न रोजचा होता.

क्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच हा प्रसंग आला आहे. सासष्टीतल्या एका चर्चमध्ये रविवारी मुलांची दोत्रिन चालली असताना एक ब्राह्मण ख्रिस्ती पुढे येतो आणि पाद्रींना सांगतो की हे शिकवणं ठीक आहे, पण आमच्या जुन्या पुराणांसारखं काही आम्हाला या धर्मातही असलं तर वेळ चांगला जाईल, मनाला बरं वाटेल. पाद्रींना ते पटतं, आणि तिथून ग्रंथ सुरू होतो. प्रसंग जसाच्या तसा घडला की कवीने रचला, यावर अभ्यासकांनी वाद घालावा. मला तो खरा वाटतो, कारण मागणी खरी आहे.

त्या माणसाने नवीन धर्म नको असं म्हटलं नाही, की जुना परत द्या असंही नाही. त्याने फक्त पुराण मागितलं.

आणि पाद्रींनी दिलं ते भाषांतर करून दिलं नाही. बायबल समोर ठेवून त्याचं मराठी करणं सोपं झालं असतं. त्यांनी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची ओवी घेतली. (एकनाथ महाराज आणि स्टीफन्स हे समकालीन बरं का. नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध करून सिद्ध केली तो काळ 1584 चा, स्टीफन्स तेव्हा सासष्टीत मराठी शिकत होते.) आरंभी नमन, मग श्रोत्यांना विनवणी, मग कथा. मध्येच श्रोत्यांतला कुणी शंका विचारतो आणि पाद्री गुरू होऊन उत्तर देतात, अगदी आपल्या कीर्तनात-पुराणात होतं तसं. स्वर्गाला वैकुंठ म्हटलं आहे. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारातल्या कथा, दुसऱ्या भागात येशूचा जन्म, उपदेश, क्रुसावरचं मरण, पुनरुत्थान, स्वर्गारोहण. सगळं मिळून अकरा हजारांच्या आसपास ओव्या. परदेशातून वयाच्या तिशीत आलेल्या माणसाने हे लिहिलं, हे लक्षात ठेवूनच ते वाचावं.

इथे एक बारीक गोष्ट आपल्या भागातल्या वाचकाला चटकन कळेल, पुण्या-मुंबईच्या वाचकाला कदाचित नाही. सासष्टीत घरात बोलायची भाषा कोंकणी. पोथीची, ऐकायची भाषा मराठी. आपल्याकडे नाही का, घरात मालवणी आणि भजनात मराठी! स्टीफन्स यांनी हे नेमकं ओळखलं. मुलांना पाठ करायची दोत्रिन त्यांनी कोंकणीत लिहिली, आणि मोठ्यांनी बसून ऐकायचं पुराण मराठीत. कोंकणीचं व्याकरणही लिहिलं. जे आपल्या तोंडी आहे ते आपल्या भाषेत आणि ज्याचा मान राखायचा ते पोथीच्या भाषेत, ही गावाची समज त्यांनी जशीच्या तशी उचलली.

भाषेची त्यांना जात्याच ओढ असणार. 1583 साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचं नोंदवलं. कलकत्त्याच्या सर विल्यम जोन्स यांनी हीच गोष्ट जगापुढे मांडली ती 1786 साली, दोनशे वर्षांनी. त्याच पत्रात माडाचंही वर्णन आहे. तेल, सूर, गूळ, शिरका, दोर, सगळं एका झाडातून निघतं याचं त्या विल्टशायरच्या माणसाला कोण अप्रूप वाटलं होतं!

पुराण छापायचं ठरलं तेव्हा अडचण आली लिपीची. छापखाना गोव्यात 1556 पासून होता, पण खिळे रोमन अक्षरांचे. स्टीफन्स यांना पुस्तक लोकांच्या लिपीत हवं होतं. 1608 साली त्यांनी रोमला संघाच्या मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहून परवानगी मागितली. अडचण आहे ती साच्यांची, हेही कळवलं : रोमन लिपीत दोन डझन अक्षरांत काम भागतं, इथे व्यंजन आणि स्वर जुळून होणाऱ्या एकेका अक्षराला वेगळा साचा, म्हणजे सहाशेच्या घरात साचे लागतील. ते काही जमलं नाही. अखेर 1616 साली रायतूरच्या कॉलेजातून पुराण छापून निघालं, मराठी भाषेत आणि रोमन लिपीत. तीन वर्षांनी, 1619 साली, पाद्री इस्तेव गोव्यातच वारले. सत्तरीच्या आसपास वय. घर सोडल्यावर इंग्लंड त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. कोंकणी दोत्रिन त्यांच्या मागे 1622 साली छापली गेली आणि व्याकरण 1640 साली.

पुस्तक मात्र चालू लागलं. 1649 साली दुसऱ्यांदा आणि 1654 साली तिसऱ्यांदा छापावं लागलं. रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये त्यातला भाग वाचला जायचा, गायला जायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ऐकून पाठ झालं. येशूच्या दुःखाच्या ओव्या उपवासकाळात म्हटल्या जात. चर्चच्या बाहेरही, घराघरांत, पोथीसारखं हे पुराण लागू लागलं. आपल्याकडच्या ख्रिस्ती वाड्यांत खुरसापुढे लदीन असते, शेजारपाजार जमतो, म्हटलं जातं, मग चणे वाटतात. सगळ्यांनी मिळून म्हणायला काहीतरी हातात असलं की वाडी जमते. सासष्टीत पुराणाने त्या काळी हेच काम केलं.

मग सरकारचं लक्ष गेलं. 27 जून 1684 ला व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर यांनी हुकूम काढला : गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकायची आणि आपली भाषा सोडायची. संभाजी महाराजांची गोव्यावरची स्वारी होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पाद्र्यांनी इथली भाषा शिकण्यात वेळ कशाला घालवायचा, लोकांनीच आमची शिकावी, असा विचार करणारा गट चर्चमध्येही होता आणि त्याची सरशी झाली. पुढच्या शतकात तर एका आर्चबिशपांनी ज्यांना पोर्तुगीज येत नाही त्यांची लग्नं लावू नयेत इथवर मजल मारली. हुकमाने भाषा मेली नाही, ती कधी मरतही नाही. पण मराठी-कोंकणी पुस्तकं छापणं थांबलं. क्रिस्तपुराणाच्या त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज कुणाच्या हाती नाही. ज्या चर्चने पुराण छापलं, त्याच चर्चच्या राज्यात ते नाहीसं झालं.

ते वाचलं कसं? माणसांनी हाताने उतरवून काढलं म्हणून, आणि ती माणसं गोवा सोडून गेली म्हणून. सतराव्या-अठराव्या शतकात गोव्यातले पुष्कळ ख्रिस्ती बाहेर पडले. कुणाला इन्क्विझिशनचा जाच, कुणाला कर, कुणाला दुष्काळ. काही सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे आले, आपल्या जिल्ह्यातली बरीच ख्रिस्ती घराणी त्यांतलीच. काही दक्षिणेला कारवार-मंगळूरकडे गेले. मंगळूरकडच्या घरांत पुराणाच्या हस्तलिखित प्रती पिढ्यान् पिढ्या राहिल्या. टिपू सुलतानने 1784 साली तिथल्या ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेलं, त्या बंदिवासात याच ओव्यांचा आधार होता असं तिकडे सांगतात. अशा घरगुती प्रती जमवून जोसेफ सालढाणा यांनी 1907 साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला, अडीचशे वर्षांनंतर. तोही रोमन लिपीतच.

आणि नागरी लिपी? 1925 साली जस्टिन अ‍ॅबट या मराठी संतवाङ्मयाच्या अभ्यासकाला लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात क्रिस्तपुराणाचं देवनागरीतलं हस्तलिखित सापडलं. त्यात पोर्तुगीज-लॅटिन शब्द फारसे नाहीत, त्यांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. हे मूळ की मागाहून कुणी सुधारलेलं, यावर अजून एकमत नाही. शांताराम बंडेलू यांनी 1956 साली पुण्याहून नागरी लिपीत क्रिस्तपुराण छापलं. लेखकाने रोमला परवानगी मागितल्याला तेव्हा 348 वर्षं झाली होती. त्यानंतर कॅरिडाड द्रागो यांची नागरी आवृत्ती आली, आणि फादर नेल्सन फलकाव यांनी मराठी गद्य रूपांतरासह पुराण वाचकांपुढे ठेवलं, त्यामुळे आता जुनी मराठी अवघड वाटणाऱ्यालाही ते वाचता येतं.

पर्वरीला कोंकणीच्या अभ्यासाची एक संस्था आहे, थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र. पणजीला जाताना महामार्गावरच पर्वरी लागते. रायतूरची सेमिनरीही उभी आहे, जुवारी नदीच्या काठी, जिथे 1616 साली रोमन खिळ्यांनी मराठी ओव्या छापल्या गेल्या. मंगेशीला जाणाऱ्यांनी जरा वाकडी वाट केली तर तिथून ती काही फार लांब नाही.